संत कामिलस आणि न भरलेली जखम

आज १४ जुलै, संत कामिलस दे लेलिस यांचा सण. मत्तयच्या २५ व्या अध्यायात आजाऱ्यांना भेटण्याविषयी येशू बोलतो ना, तिथं आले की मला हाच माणूस आठवतो.

इटलीत १५५० साली जन्म. वडिलांसारखाच सैनिक, तापट आणि पक्का जुगारी! नेपल्समध्ये तर अंगावरचा शर्टसुद्धा हरला. १५७५ मध्ये मन पालटलं. काप्युचिन व्रतस्थ व्हायचं ठरवलं, पण पायाची जुनी जखम पुन्हा चिघळली आणि मठानं परत पाठवलं. मग तो रोमच्या सान जाकोमो इस्पितळात गेला. भांडणं आणि पत्ते यांपायी पूर्वी तिथूनच त्याला काढलं होतं! आता तो तिथं सेवा करू लागला.

पगारी नोकर रुग्णांकडे कसं दुर्लक्ष करतात हे त्यानं जवळून पाहिलं. म्हणून प्रेमापोटी सेवा करणारे सोबती जमवले. १५८४ मध्ये तो धर्मगुरू झाला. १५८६ पासून त्याच्या संघाच्या झग्यावर लाल क्रूस आला. आजारी माणसाला तो आपला मालक मानायचा, कारण त्याच्यात त्याला ख्रिस्त दिसायचा.

त्याची स्वतःची जखम मात्र १६१४ साली मरेपर्यंत बरी झाली नाही. हे वाचून मी थबकते. आईच्या आजारपणात मी तासन्‌तास प्रार्थना केली, पण तिची चादर बदलायला बाई ठेवली होती. प्रभू, आज मला त्या चादरीविषयी तुझ्याशी बोलायचंय.