नामदार गोखले यांची प्रकृती

थोर पुरुषांच्या कार्याचा हिशेब आपण मोठ्या हौसेने मांडतो. परंतु ते कार्य ज्या देहाने केले त्याची विचारपूस सहसा करीत नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष झाली आहे. भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. मात्र अखेरची वर्षे ते मधुमेह आणि दुबळे हृदय अशी दोन दुखणी सोबत घेऊन वावरत होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. आपल्या ज्ञातिबांधवांत आज मधुमेहाच्या गोळ्यांची डबी नाही असे घर विरळाच सापडेल. म्हणून यंदा हे चरित्र या बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत. अशा पैशांवर शिकलेला मुलगा स्वतःच्या शरीरासाठी वेळ वा पैसा खर्च करताना आयुष्यभर संकोचतो. गोखल्यांचा हा संकोच शेवटपर्यंत गेला नाही, असे आम्हांस वाटते. १८८४ साली ते बी. ए. झाले, पुण्यास शिक्षक झाले, आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली अर्थशास्त्र व राजकारण यांचे धडे घेऊ लागले. ‘सुधारका’च्या निमित्ताने आगरकरांचा निकट सहवास त्यांना लाभला. दम्याने पोखरलेले आगरकर १८९५ साली अवघ्या ३८ व्या वर्षी गेले. दीर्घ दुखणे घेऊन काम करणे म्हणजे काय, हे गोखल्यांनी विशीतच जवळून पाहिले होते.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते दिनशा वाच्छा यांच्यासमवेत विलायतेस निघाले. वाटेत फ्रान्समधील कॅले बंदरी अपघात होऊन त्यांच्या छातीस इजा झाली. ती त्यांनी काही दिवस सोबत्यांना कळूच दिली नाही. पुढे वेदना असह्य झाल्या, तेव्हा डॉक्टर आले आणि कित्येक दिवस अंथरुणात काढावे लागले. वय अवघे तीस-एकतीस. आणि दुखणे लपविण्याची खोड तेव्हाच जडलेली! आम्ही हिला खोडच म्हणतो. चरित्रकार हिला सोशिकपणा म्हणतात, ते आम्हांस पटत नाही. आमच्याच घरी एका चुलत्यांनी पायाची जखम घरच्यांपासून महिनाभर लपविली होती. मधुमेह्याच्या पायाची जखम लवकर भरत नाही आणि बधिरतेमुळे दुखतही नाही, हे घरात कोणासच माहीत नव्हते. शेवटी अंगठा काढावा लागला.

मधुमेहात रक्तातील साखर वाढते, आणि ती वर्षानुवर्षे चढी राहिली म्हणजे डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि हृदय यांवर आघात होतो. गोखल्यांची दोन्ही दुखणी एकाच देहात असावीत, यात आजच्या वैद्यांना नवल वाटणार नाही. त्या काळी उपचार म्हणजे पथ्य, विश्रांती आणि हवापालट. इन्शुलिनची पहिली सुई टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये टोचली गेली. गोखल्यांना जाऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती. पथ्य आणि विश्रांती ही दोनच औषधे हाती असताना त्यांतील दुसरे त्यांनी जवळजवळ घेतलेच नाही. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदे मंडळात मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्याच वर्षी सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही कमिशनचे सभासदत्व त्यांनी पत्करले आणि ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेस पोहोचले.

तेथील एक प्रसंग गांधीजींनी नमूद करून ठेवला आहे. टॉल्स्टॉय फार्म स्टेशनापासून सुमारे दीड मैल. एवढे चालणे पाहुण्यांना सुखाचे होईल, या समजुतीने गांधीजींनी त्यांना पायी नेले. वाटेत पाऊस आला आणि गोखल्यांना सर्दीने गाठले. फार्मवर सगळे जमिनीवर निजत. पाहुण्यांसाठी मुद्दाम खाट मागून आणली होती. पण हे कळताच गोखल्यांनी ती नाकारली आणि आपली पथारी जमिनीवर घातली. पाय चेपून घेण्यासही ते तयार होईनात. या वर्तनातील थोरवी आम्ही जाणतो. तरीही त्या रात्री त्यांनी खाट घेतली असती तर कोणाचेही काही बिघडले नसते, असे मनात येतेच.

दुसऱ्याच्या प्रकृतीविषयी मात्र हेच गोखले विलक्षण दक्ष असत. १९१४ साली ते प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये असताना महायुद्ध भडकले आणि त्यांना लंडनला परतण्यास विलंब लागला. तिकडे गांधीजी फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने आजारी पडले होते आणि केवळ फळे व दाणे खाऊन राहत होते. डॉ. जीवराज मेहता दुधाचा आग्रह धरीत. ते न ऐकणाऱ्या शिष्याला गोखल्यांनी वैद्याचा सल्ला मानण्याविषयी परोपरीने सांगितले. शिष्याने फलाहाराचा आग्रह थोडा सैल केला, दूध घेतले नाहीच. लंडनचे ऑक्टोबरातील धुके गोखल्यांना सोसवेना, म्हणून ते मायदेशी परतले.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईस उतरले, तेव्हा गोखले आजारी असूनही मुंबईस आले होते. पुढे पुण्यास समाजाच्या सभासदांनी भुईमुगाचे दाणे, खजूर आणि ताजी फळे असा छोटा उपाहार योजिला. गोखल्यांच्या खोलीपासून काही पावलांचे अंतर. तेवढेही चालण्याची ताकद उरली नव्हती. तरी ते आले आणि तेथेच मूर्च्छित झाले. त्यांना उचलून न्यावे लागले. अशी मूर्च्छा त्यांना नवीन नव्हती. शुद्धीवर येताच त्यांनी उपाहार चालू ठेवण्याविषयी निरोप धाडला.

असे निरोप आपल्याकडे घरोघर धाडले जातात. पंगतीत मधुमेह्याच्या पानात आग्रहाने जिलबी पडते, तोही मोड नको म्हणून ती खातो, आणि वाढणारी माउली समाधान पावते. लोकमान्य टिळकांनाही हाच विकार होता. मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे त्यांनी खाण्याचे पथ्य सांभाळून काढली आणि तेथेच गीतारहस्य लिहिले. त्या पथ्याची वाखाणणी आम्ही एकाही सभेत ऐकली नाही.

फेब्रुवारीत गोखल्यांची प्रकृती ढासळली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी राजकीय सुधारणांची योजना मागितली होती; ती त्यांनी मृत्यूच्या आधी काही दिवस पेन्सिलीने लिहून काढली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ४८. आयुष्यभर विरोधी पक्षात राहिलेले टिळक तेव्हा सिंहगडावर होते. वार्ता कळताच ते खाली उतरले आणि स्मशानात बोलले. पेन्सिलीने लिहिलेला तो मसुदा १९१७ साली प्रसिद्ध झाला.