श्वास मोजणारे स्वामी

बोरिवली स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना आमचे अण्णा मधल्या टप्प्यावर थांबायचे. कठड्याला टेकून खाली गाड्या बघितल्यासारखं करायचे. त्यांना दम लागलाय हे आम्हाला कळत होतं आणि तो लपवायला ते गाड्या बघतात हेही कळत होतं. वय झालं, चालणं कमी झालं, एवढंच आम्ही मनाशी म्हणायचो. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांना सल्ला दिला की रोज पहाटे नॅशनल पार्कात चाला आणि छाती भरून मोठे मोठे श्वास घ्या, म्हणजे शरीराला भरपूर प्राणवायू मिळेल. अण्णांनी तो मुकाट्याने पाळला. चार महिन्यांनी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदल्याचं निदान झालं, तेव्हा फार उशीर झाला होता. ही १९९८ सालची गोष्ट. आधी तपासणी करायची सोडून आम्ही श्वास मोठा करत बसलो, ही बोच मला अजून आहे.

पुढे निवृत्त झाल्यावर मीही पार्कात चालू लागले. अण्णांची बोच मनात असूनही सवय तीच. झपझप चालायचं आणि जोर लावून श्वास ओढायचे. एका सकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली, बोटांना मुंग्या आल्या आणि मी बाकावर बसले. या वेळी मात्र सरळ डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या, हृदय ठीक निघालं. डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की मी श्वास कमी नव्हे, गरजेपेक्षा जास्त घेत होते. श्वास जास्त होऊ शकतो, हे मला नवीन होतं. त्याचा शोध घेता घेता मी ज्यांच्यापाशी पोचले, ते स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक म्हणून त्यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्यांनी आयुष्यभर नेमकं काय केलं, हे मात्र आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. संस्कृतात हुशार. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेली. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी १९०७ ते १९१० या काळात देशी व्यायामाचे धडे घेतले. लोकमान्यांचा काळ तो. देशासाठी काही करायचं तर आधी शरीर बळकट हवं, या विचाराने तरुण भारलेले होते. गुणे खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले, पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही. आयुष्याला खरं वळण मिळालं ते नर्मदाकाठच्या मालसर गावी परमहंस माधवदासजींची भेट झाली तेव्हा. या गुरूंकडून ते योग शिकले.

इथवरची हकिगत एखाद्या साधकाची वाटते. पण या साधकाच्या अंगात एक चिकित्सक दडलेला होता. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांचा गुण तर येतो, पण तो येतो कसा, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्राच्या मदतीने उड्डियान आणि नौली या क्रिया तपासल्या. पोटाचे स्नायू विशिष्ट तऱ्हेने उचलले की मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं त्यांना दिसलं. नौली करताना पाणी आपोआप आत कसं ओढलं जातं, याचा उलगडा झाला. चमत्कार वाटणाऱ्या गोष्टीला साधं कारण सापडलं आणि त्या निर्वाताला शिष्याने गुरूचं नाव दिलं. श्रद्धा आणि प्रयोग यांची अशी जोडी क्वचितच पाहायला मिळते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. कुवलय म्हणजे निळं कमळ. नाव फुलाचं, पण काम मात्र नळ्या, दाबमापक आणि नोंदवह्या यांचं. १९२७ मध्ये गांधीजींना रक्तदाबाने ग्रासलं, तेव्हा आसनांबाबत त्यांचा आणि कुवलयानंदांचा पत्रव्यवहार झाला. तीनच वर्षांनी गांधीजी २४ दिवस चालत दांडीला पोचले, हे आपण शाळेत शिकतो. त्या चालण्याचं श्रेय आसनांना द्यायचा मोह होतो. पण पुराव्याशिवाय कुणाला श्रेय देणं कुवलयानंदांच्या शिस्तीत बसलं नसतं.

या शिस्तीची कसोटी लागली ती श्वासाच्या बाबतीत. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, असं तेव्हाही सर्रास मानलं जाई. योगाच्या पुरस्कर्त्याला याहून सोयीचं वाक्य कोणतं? त्यांनी मात्र प्रयोगशाळेत प्राणवायूचं शोषण मोजलं आणि ही समजूत बरोबर नाही, असं उघडपणे लिहून टाकलं. प्राणायामाचं मोल दुसरीकडे आहे, मज्जासंस्थेवर आणि श्वासावर येणाऱ्या ताब्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याच बाजूचा लाडका दावा आपणच खोडायचा, याला धैर्य लागतं. आम्ही अण्णांना दिलेला सल्ला या गृहस्थांनी कितीतरी दशकं आधी तपासून बाजूला ठेवला होता!

आजचं शरीरशास्त्रही तेच सांगतं. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू मुळातच ९५ ते १०० टक्के भरलेला असतो. जोराने श्वास ओढून त्यात फारशी भर पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. माझ्या बाकावरच्या अंधारीचं कारण हेच.

मग उथळ आणि घाईचा श्वास चालेल का? तोही नाही. हिशेब सोपा आहे. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली सुमारे १५० श्वासनलिकांतच राहते, फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला असे १२ श्वास घेतले तर कामाची हवा ४ लिटरच्या वर. तेवढीच हवा २५० मिलिलिटरच्या २४ श्वासांत घेतली, तर कामाची उरते जेमतेम अडीच लिटर. मेहनत दुप्पट आणि पदरात निम्मं. म्हणून श्वास मोठा नको, पण संथ हवा.

गंमत म्हणजे चालता चालता श्वासाकडे लक्ष देणं ही कल्पना जुनीच आहे. हठप्रदीपिका या ग्रंथात उज्जायी हा प्राणायाम उभं असताना आणि चालतानाही करावा असं सांगितलं आहे. घसा किंचित आवळून, हलका आवाज होईल असा श्वास घ्यायचा. तो जाणकाराकडूनच शिकावा आणि श्वास रोखण्याच्या फंदात आपण चालणाऱ्यांनी पडू नये. पण त्यातलं सार कुणालाही उचलता येतं.

मी ते असं उचललं. तोंड मिटून नाकाने श्वास घेते. खांदे न उचलता पोट किंचित पुढे येऊ देते. तीन पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. मोजणं जड वाटलं तर सोडून देते, पण उच्छ्वास सावकाश ठेवते. नजर पायांशी नाही, पंधरावीस फुटांवर. मान आपोआप सरळ होते. एका खांद्यावरची पर्स गेली, दोन्ही खांद्यांवरची पिशवी आली. पावलं लांब टाकण्याऐवजी जवळ टाकते, हात मोकळे हलू देते. बरोबरच्या मैत्रिणीशी बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग. जिन्यावर कठडा धरायचा आणि श्वास कधीही रोखायचा नाही. वजन उचलताना किंवा पायरी चढताना आपण नकळत दम धरतो, तिथेच निम्मा थकवा येतो.

कुवलयानंदांचं काम आपल्या उपनगरांच्या वाटेवरही होतं, हे मला उशिरा कळलं. माधवदासजींचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये अंधेरीच्या वर्सोव्याला योग संस्था काढली. कुवलयानंदांनी १९३२ मध्ये मुंबईतली पहिली शाखा सुरू केली ती सांताक्रूझला. १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर गेली. उतरायचं स्टेशन चर्नी रोड. एका गुरूचे दोन शिष्य आणि दोघांचाही मुक्काम पश्चिम रेल्वेच्या रुळांच्या आसपास. मी तीस वर्षं बोरिवली ते चर्चगेट गेले. या दोन्ही स्टेशनांवरून रोज, दारात लटकणाऱ्या गर्दीत, श्वास कोंडून.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद गेले. पुढे योगाचा बोलबाला जगभर झाला, दावेही वाढले. म्हणून त्यांची आठवण मला जास्त महत्त्वाची वाटते. आधी मोजा, मग बोला, एवढाच त्यांचा धडा मी घेतला आहे. चालताना छातीत दुखत असेल, पूर्वी सहज चढणारा जिना अचानक जड जात असेल, बसल्याजागी धाप लागत असेल, पायांवर सूज असेल, तर श्वासाचे प्रयोग घरी करू नयेत. तो दिवस डॉक्टरांकडे जाण्याचा.

अजूनही बोरिवलीच्या पुलावर मधल्या टप्प्यात कुणी तरी कठड्याला टेकून गाड्या बघत असतं. पूर्वी मी बाजूने निघून जात असे. आता थांबते आणि विचारते, काका, असा दम किती दिवसांपासून लागतोय? बहुतेक जण हसून हात हलवतात. परवा एकाने मात्र नीट उत्तर दिलं. महिनाभरापासून, म्हणाले. घरी सांगितलंय का, तर नाही. आम्ही दोघं हळूहळू पूल उतरलो, आणि त्यांनी मुलाला फोन लावेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.