किल्ल्यात देवघर बांधणारा राजा : चौथा चार्ल्स



मध्ययुगातील युरोपचे किल्ले शिकवताना आपण तट, बुरूज, खंदक सगळं सांगतो. पण किल्ल्यातली माणसं प्रार्थना कुठे करायची, हे सांगायचं राहूनच जातं. मोठ्या किल्ल्यात राजाच्या कुटुंबासाठी एक छोटं चर्च असायचं. त्याला चॅपेल म्हणतात. आपल्या भाषेत किल्ल्यातलं देवघरच! असं देवघर बांधणाऱ्या एका राजाची ही गोष्ट.

१४ मे १३१६ रोजी प्राग शहरात एक राजपुत्र जन्मला. नाव ठेवलं व्हात्स्लाव. वडील जॉन हे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशाचे राजे. आई एलिझाबेथ तिथल्याच जुन्या राजघराण्यातली. आईवडिलांचं पटेना. वडिलांनी तीन वर्षांच्या मुलाला आईपासून तोडलं आणि लोकेटच्या किल्ल्यात बंद करून ठेवलं. सातव्या वर्षी त्याची रवानगी थेट पॅरिसला झाली. तिथल्या राजाच्या नावावरून त्याचं नावही बदललं आणि तो चार्ल्स झाला.

पॅरिसमध्ये तो लिहायला-वाचायला शिकला. त्या काळी अनेक राजांनाही ते येत नसे. तिथल्या राजवाड्यात सेंट शापेल नावाचं उंच रंगीत काचांचं चॅपेल होतं. राजा नववा लुई याने ते येशूच्या काटेरी मुकुटासाठी बांधलं होतं.

१३३३ मध्ये, सतरा वर्षांचा चार्ल्स मायदेशी परतला. पण आई तीन वर्षांपूर्वीच वारली होती. तिची फक्त समाधी भेटली. प्रागचा किल्ला जळून ओसाड पडलेला, राहायलाही जागा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आपली मातृभाषाच विसरला होता! पण तो खचला नाही. चेक भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकला. पुढे लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि चेक अशा पाच भाषा त्याला येत.

१३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत आंधळे झालेले वडील मारले गेले आणि चार्ल्स राजा झाला. १३४८ मध्ये त्याने प्रागला विद्यापीठ काढलं. त्याच वर्षी प्रागपासून सुमारे ३० किलोमीटरवर कार्लश्टाइन किल्ल्याचा पाया घातला. १३५५ मध्ये रोमला त्याचा सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला.

कार्लश्टाइनची रचना मुलांना फळ्यावर काढून दाखवण्यासारखी आहे. खाली राजाचा महाल. त्याच्या वर मेरीचा बुरूज, त्यात राजाने एकट्याने प्रार्थना करायचं चिमुकलं सेंट कॅथरीन चॅपेल. सर्वांत उंच जागी मोठा बुरूज आणि त्यात होली क्रॉस चॅपेल. म्हणजे राजाच्या वर देव! भिंतींना रंगीत मौल्यवान दगड, सोनेरी छतावर काचेचे तारे आणि चित्रकार थिओडोरिक याने रंगवलेली संतांची चित्रं. त्यातली १२९ चित्रं आजही आहेत. साम्राज्याचा मुकुट आणि पवित्र अवशेष इथेच ठेवत. म्हणजे चॅपेल हीच तिजोरी. शत्रू आला तरी सर्वांत शेवटी हाती लागेल अशी.

पण मित्रांनो, एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. १३४९ मध्ये न्यूरेंबर्ग शहराला चार्ल्सने ज्यूंची वस्ती पाडायची परवानगी दिली. त्यानंतर पाचशेहून जास्त ज्यू मारले गेले. त्यांचं प्रार्थनास्थळ पाडून त्याच जागी चार्ल्सच्या पुढाकाराने मेरीचं चर्च उभं राहिलं. स्वतःचं देवघर जिवापाड जपणाऱ्या माणसाने दुसऱ्यांचं देवघर वाचवलं नाही. मोठ्या माणसाचं मोठेपण सांगताना हेही सांगायलाच हवं.

१३५६ च्या प्रसिद्ध फर्मानात त्याने एक नियम घातला. सम्राट निवडणाऱ्या राजांच्या मुलांना सातव्या वर्षापासून इटालियन आणि चेकसारखी स्लाव्ह भाषाही शिकवावी. सातव्याच वर्षी स्वतः परदेशी गेलेल्या, मातृभाषा गमावलेल्या माणसाने हे लिहावं, याला अर्थ आहे.

जानेवारी १३७८ मध्ये तो पुन्हा पॅरिसला गेला. तेव्हा तिथे त्याचा भाचा राजा होता. संधिवाताने पाय उचलत नव्हते, तरी लहानपणी पाहिलेल्या सेंट शापेलमध्ये त्याने स्वतःला उचलून न्यायला लावलं. २९ नोव्हेंबर १३७८ रोजी प्रागमध्ये त्याचं निधन झालं.

पाठ संपल्यावर मुलांना दोन प्रश्न नक्की विचारा. राजाने चॅपेल सर्वांत उंच जागी का बांधलं असेल? आणि न्यूरेंबर्गमध्ये त्याने काय करायला हवं होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही. ते मुलांनाच शोधू द्या.