वरच्या जबड्यातली नागमोडी नहर आणि ती शोधणारा फ्रेडरिक वुड जोन्स

समोरच्या वरच्या दातांना संवेदना देणारा एक मज्जातंतू असतो. तो हाडातल्या ज्या बोगद्यातून येतो, त्याचं नाव कॅनॅलिस सिन्युओसस. लॅटिनमधलं हे नाव, अर्थ साधा : नागमोडी कालवा. आमच्या भंडाऱ्याकडे कालव्याला नहर म्हणतात, म्हणून मी मनात त्याला नागमोडी नहरच म्हणतो. डोळ्याच्या खोबणीच्या तळातून एक मोठा मज्जातंतू गालाकडे जातो. वाटेतच त्याला हा फाटा फुटतो. आधी तो बाहेरच्या बाजूला जातो, मग आत वळतो, गालामागच्या पोकळीच्या पुढच्या भिंतीतून नाकाच्या कडेपर्यंत पोचतो आणि तिथून खाली, समोरच्या दातांकडे. एकूण लांबी सुमारे साडेपाच सेंटीमीटर, रुंदी दोनेक मिलिमीटर.

या वाटेचं सविस्तर वर्णन करून तिला हे नाव दिलं फ्रेडरिक वुड जोन्सने, १९३९ मध्ये. शरीररचनाशास्त्रात हे मोठं नाव. माणूस मात्र नुसता प्रयोगशाळेत बसणारा नव्हता.

जन्म लंडनचा, १८७९ चा. डॉक्टर झाला आणि १९०५ मध्ये, साधारण माझ्या वयाचा असताना, हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर नोकरीला गेला. कुणाची नोकरी? तर टेलिग्राफ कंपनीची. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधून ऑस्ट्रेलियाचे संदेश आफ्रिकेमार्गे इंग्लंडला जायचे आणि मध्ये या बेटांवर त्यांचं केंद्र होतं. तुम्ही आत्ता हा लेख वाचताय त्या इंटरनेटचा बराचसा परदेशी ट्रॅफिकही समुद्राखालच्या केबलमधूनच धावतो. तारेची जागा काचेच्या धाग्याने घेतली, एवढंच. तिथल्या कर्मचाऱ्यांची तब्येत सांभाळायची हे त्याचं काम. उरलेला वेळ त्याने पोवळ्यांची बेटं कशी वाढतात ते पाहण्यात घालवला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. बेटांचा कारभार पाहणाऱ्या क्लूनीस-रॉस घराण्यातल्या मुलीशी त्याचं पुढे लग्नही झालं.

मग आलं नूबिया, म्हणजे इजिप्तचा दक्षिण भाग. हे प्रकरण भंडाऱ्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नाईल नदीवरच्या अस्वान धरणाची उंची वाढवायची ठरली आणि वरच्या बाजूचं खोरं बुडणार होतं. आमच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण झालं, १९८८ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. गावं उठवणं म्हणजे काय, ते इथल्या घराघरांत माहीत आहे. नूबियात पाणी चढण्याआधी थडगी उकरून काढायची मोहीम १९०७ मध्ये सुरू झाली. हजारो सांगाडे निघाले आणि ते तपासायला ग्राफ्टन इलियट स्मिथबरोबर वुड जोन्स होता. एका माणसाचं हाड पाहून नियम सांगणं सोपं असतं. हजारो माणसांची हाडं ओळीने पाहिली की नियमाला किती फाटे फुटतात ते दिसतं. माझ्या मते त्याचं खरं शिक्षण इथे झालं.

त्या सांगाड्यांत रोमन काळात फाशी दिलेल्या माणसांचेही होते. पुढे त्याने फाशीत मानेचा कुठला मणका कसा तुटतो याचा अभ्यास केला आणि १९१३ मध्ये निबंध छापला. वाचायला अंगावर येणारा विषय. पण मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या अशाच मोडीला डॉक्टर आज फाशीचं फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते हल्ली बहुतेक गाड्यांच्या अपघातात होतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९२० मध्ये ॲडलेड, मग हवाई, १९३० पासून मेलबर्न, १९३८ मध्ये इंग्लंडात मँचेस्टर. ऑस्ट्रेलियातल्या सस्तन प्राण्यांवर लिहिलेल्या पुस्तकासाठी चित्रंही त्यानेच काढली. हातावर एक पुस्तक, पायावर एक. माणसाचा वंश माकडांकडून आला नाही, टार्सियर नावाच्या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्राण्यासारख्या पूर्वजापासून वेगळा निघाला, असा त्याचा हट्ट होता. हा हट्ट टिकला नाही. जीवाश्म आणि डीएनए दोन्ही त्याच्या विरोधात गेले. मोठा सिद्धांत कोसळला आणि दोन मिलिमीटरची नहर टिकली, ही गोष्ट मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडते.

मँचेस्टरला असताना त्याने या मज्जातंतूची वाट उलगडली, शवविच्छेदन करून, हातात चिमटा आणि सुरी घेऊन. दंतवैद्यांनी पुढे अनेक दशकं तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. कारण दिसतच नव्हती. साधा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं, मागचं, सगळं एकाच कागदावर एकमेकांवर पडतं. त्यात ही बारीक वाट हरवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे दाताच्या मुळाच्या टोकाशी काळा ठिपका होऊन बसते. तसा ठिपका जंतुसंसर्गाचाही असतो. मग चांगल्या दाताचं रूट कॅनॉल होण्याची वेळ येऊ शकते.

१९९० च्या दशकाच्या शेवटी सीबीसीटी आलं. यंत्र डोक्याभोवती फिरत शेकडो एक्स-रे टिपतं आणि सॉफ्टवेअर त्यातून जबड्याचं थ्रीडी रूप उभं करतं. फोटोला पिक्सेल तसा इथे व्हॉक्सेल, म्हणजे छोटा घन, बहुधा ०.१ ते ०.४ मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरची वाट मोठ्या व्हॉक्सेलमध्ये पुसली जाते, बारीक व्हॉक्सेलमध्ये उमटते. म्हणूनच अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत. मुख्य नहरेचे जास्तीचे फाटे टाळूकडे उघडलेले एका अभ्यासात सुमारे १५ टक्के लोकांत सापडले, दुसऱ्यात अर्ध्याहून जास्त. पहिल्याने एक मिलिमीटर किंवा त्याहून रुंद फाटेच मोजले होते. म्हणजे लोक बदलले नाहीत, गाळणी बदलली. कालव्याच्या सरकारी नकाशात मुख्य कालवा असतो, वितरिका असतात, पण कुणाच्या धुऱ्यावरून फोडलेली चारी नसते. ती पाहायला शेतात जावं लागतं.

मी अशा स्कॅनच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो. आईचा समोरचा एक दात काढावा लागला आणि इम्प्लांट बसवायचं ठरलं, तेव्हा नागपुरात तिचं सीबीसीटी झालं. डॉक्टरांनी स्क्रीनवर एकेक पातळ काप सरकवत दाखवलं : बाजूच्या दातामागे, टाळूकडे, एक काळी रेघ. तिथे स्क्रू घुसला असता तर रक्तस्राव, वेदना किंवा ओठाजवळ सुन्नपणा येऊ शकला असता. त्यांनी स्क्रूचा कोन थोडा बदलला. आईने फक्त एवढंच विचारलं, की रेघ वाईट आहे का. नाही, तुमचीच आहे, असं त्यांनी सांगितलं.

तुमच्या घरात कुणाचं इम्प्लांट ठरलं असेल तर छापील रिपोर्टबरोबर डायकॉम फाइलही मागून घ्या. छापलेली चार चित्रं म्हणजे कुणीतरी निवडलेले चार काप असतात, फाइलमध्ये सगळे असतात. फोनच्या व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तर त्याहूनही कमी.

वुड जोन्स १९५४ मध्ये लंडनला वारला. इम्प्लांटच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये खालच्या जबड्याचा मज्जातंतू रंगवून दाखवायचं बटण असतं. दोन-चार ठिकाणी क्लिक केलं की लाल किंवा पिवळी नळी उमटते. वरच्या जबड्यासाठी मात्र मी वापरलेल्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये तसं वेगळं बटण नाही. ती नहर अजून माणसालाच कापामागून काप सरकवत शोधावी लागते.