शेंडेफळाची वेगळी चूल

एकत्र कुटुंबातल्या शेंडेफळाचे दुखणे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लाड होतात, कौतुक होते. पण महत्त्वाचे निर्णय होतात ते थोरल्यांच्या बैठकीत. धाकटा कर्तासवरता झाला तरी घराच्या लेखी तो धाकटाच राहतो. जगात सर्वांत गाजलेल्या 'बीटल्स' या ग्रुपमध्येही असेच एक शेंडेफळ होते. जॉर्ज हॅरिसन हे त्याचे नाव. चौघांमध्ये वयाने सर्वांत लहान आणि बोलायला सर्वांत कमी. तब्बल बारा वर्षे थोरल्यांच्या सावलीत काढल्यावर १९७० साली त्याने आपली वेगळी चूल मांडली आणि या अबोल मुलाने मनात केवढा साठा करून ठेवला होता, ते जगाला कळले.

जॉर्जचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या गावी झाला. वडील बसवर कंडक्टर. घर छोटेसे, संडास मागच्या अंगणात. चार भावंडांत हा सर्वांत धाकटा. शाळेच्या बसमध्ये त्याची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली. पॉल वयाने आठ महिन्यांनी मोठा. दोघांनाही गिटारचे वेड. पॉलने त्याला आपल्या ग्रुपचा म्होरक्या जॉन लेनन याच्यापुढे उभे केले. जॉनला हा मुलगा फारच लहान वाटला. पण बसच्या वरच्या मजल्यावर जॉर्जने एक अवघड धून बिनचूक वाजवून दाखवली आणि १९५८ साली तो ग्रुपमध्ये दाखल झाला. 'अजून लहान आहे' हा शिक्का मात्र त्या दिवशी बसला तो पुढे पुसला गेला नाही.

१९६० साली ही मुले जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवू लागली. जॉर्ज सतरा वर्षांचा. कायद्याने रात्री काम करायला अपात्र. पोलिसांनी त्याला एकट्याला मायदेशी धाडले. पुढे १९६२ साली 'बीटल्स'ची पहिली तबकडी निघाली आणि दोन वर्षांत चौघे जगप्रसिद्ध झाले. गाणी रचायची ती जॉन आणि पॉल यांच्या जोडीने. जॉर्जने पहिले गाणे लिहिले ते १९६३ साली, आजारी पडून हॉटेलच्या खोलीत अडकला असताना. त्यानंतर तो लिहीत राहिला. पण एलपीवर त्याच्या वाट्याला बहुधा मोजकीच गाणी येत. उरलेली वहीतच राहत.

मनातली कोंडी फोडायला त्याला वाट सापडली ती आपल्या देशात. १९६५ साली एका चित्रपटाच्या सेटवर सतार हाती आली आणि त्याच वर्षी 'बीटल्स'च्या गाण्यात तिचे सूर उमटले. १९६६ साली पंडित रविशंकरांची भेट झाली आणि सप्टेंबरात तो त्यांच्याकडे शिकायला मुंबईत आला. मिशा वाढवून ताजमहाल हॉटेलात उतरला. पण ओळखला गेलाच. हॉटेलबाहेर गर्दी लोटली आणि गुरुशिष्यांना रियाजासाठी काश्मीर गाठावे लागले. सतार हे जन्मभराचे काम आहे, हे त्याला लवकरच उमगले. दोन-तीन वर्षांत तो पुन्हा गिटारकडे वळला. पण गुरूंशी जडलेला जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला आणि थोरल्यांपाशी नसलेले काहीतरी आपले स्वतःचे आहे, हा विश्वास त्याला मिळाला.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईला आला, तो 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशा तरुण वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. ही एलपी त्याच वर्षी नोव्हेंबरात निघाली. 'बीटल्स'पैकी कोणीही एकट्याच्या नावावर काढलेली ती पहिली एलपी. म्हणजे जॉर्जच्या स्वतंत्र संसाराची पहिली भांडी लागली ती मुंबईत!

घरात मात्र धुसफूस वाढत होती. जानेवारी १९६९ मध्ये नव्या गाण्यांच्या तालमी चालू असताना, सतत कोणीतरी आपल्याला कसे वाजवायचे ते सांगते आहे, याला जॉर्ज विटला. १० तारखेला तो सरळ उठून निघून गेला. समजूत काढल्यावर दहा-बारा दिवसांनी परतला खरा, पण मन उडाले होते. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या 'ॲबी रोड' या एलपीवरची त्याची 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन' ही दोन गाणी सर्वांत लोकप्रिय ठरली. धाकट्याची ओळख पटेपर्यंत घर मोडायला आले होते.

१९७० च्या एप्रिलमध्ये ग्रुप फुटल्याचे जगजाहीर झाले. नोव्हेंबरात जॉर्जची 'ऑल थिंग्ज मस्ट पास' बाजारात आली, ती एक-दोन नव्हे, चक्क तीन तबकड्यांची! शीर्षकगीत त्याने आदल्या वर्षी ग्रुपला देऊ केले होते. ते तसेच राहिले होते. काही गाणी तर चार-चार वर्षे पडून होती. ध्वनिमुद्रणाच्याच काळात, जुलैमध्ये त्याची आई वारली. तिनेच त्याला गिटारसाठी उत्तेजन दिले होते. ख्रिस्ती आणि वैष्णव नामघोष एकत्र गुंफणारे 'माय स्वीट लॉर्ड' इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

वेगळ्या चुलीवर भाकरी आपली असते, तसे चटकेही आपलेच असतात. याच गाण्याची चाल एका जुन्या अमेरिकन गाण्यासारखी आहे, म्हणून दावा लागला. चाल जाणूनबुजून उचललेली नाही, पण नकळत का होईना उचलली गेली आहे, असा निकाल १९७६ साली न्यायालयाने दिला. भरपाईचा वाद पुढे कितीतरी वर्षे रेंगाळला. १९७४ च्या अमेरिका दौऱ्यात घसा बसला आणि समीक्षकांनी झोडपून काढले. पूर्वी यश चौघांत वाटले जाई, तसे अपयशही. आता दोन्ही एकट्याने सोसायचे होते.

तरीही मिळालेल्या स्वातंत्र्यात त्याने पहिल्यांदा काय केले, हे पाहण्यासारखे आहे. बांगलादेशातल्या निर्वासितांच्या हालांनी व्याकूळ झालेल्या रविशंकरांनी मदत मागितली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्जने बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार यांना एकत्र आणले. दोन खेळांना मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ बसले. वाद्ये लावणे चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तो किस्सा आजही रंगवून सांगितला जातो. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. तबकडीचा पैसा मात्र अमेरिकेच्या करखात्यात कित्येक वर्षे अडकून पडला.

त्याहून मजेची गोष्ट १९८८ सालची. ग्रुपला कंटाळून बाहेर पडलेल्या या गृहस्थाने पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा ग्रुप काढला! 'ट्रॅव्हलिंग विलबरीज' हे त्याचे नाव. डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी, जेफ लिन असे मातब्बर कलावंत, पण सगळे खोटी नावे घेऊन जणू भावंडे झालेले. एकट्याने चालायला शिकल्यावर सोबतीचा जाच वाटेनासा झाला असावा.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, जॉर्ज कर्करोगाने गेला. बरोबर वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांनी त्याच्यासाठी मैफल मांडली. रविशंकरांनी खास रचना केली होती, ती त्यांची कन्या अनुष्का हिने सादर केली. जॉर्जचा मुलगा धनी गिटार घेऊन उभा होता. रिंगो आला होता, पॉलही आला होता. युकुलेली हे जॉर्जचे आवडते चिमुकले वाद्य हातात घेऊन पॉलने 'समथिंग' गायला सुरुवात केली. त्या रात्री थोरला गात होता आणि गाणे धाकट्याचे होते.