खडकी वसवणारा मलिक अंबर

मुलांनो, छत्रपती संभाजीनगर शहरात भडकल दरवाजा नावाची एक उंच दगडी वेस आहे. ती १६१२ साली बांधली. त्या वेळी हे शहर नवे होते आणि त्याचे नाव होते खडकी. पुढे त्याचे फतेहनगर झाले, १६५३ साली औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, पण खडकी गावाच्या जागी हे शहर वसवणारा माणूस एकच. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली हबशाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे लहानपणीचे नाव चापू. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तानातून तो बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब शिकवला आणि अंबर हे नाव दिले. नंतर त्याला दख्खनेत आणले गेले. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. राज्याचा कारभार कसा चालतो, हे अंबरने त्याच्याजवळ राहून पाहिले. चंगेजखान मरण पावल्यावर अंबर गुलामीतून सुटला. मग तो शिपाईगिरी करू लागला. विजापूरच्या चाकरीत त्याला मलिक हा किताब मिळाला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. मलिक अंबरने मात्र परांड्याच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातील एका तरुणाला गादीवर बसवले आणि राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी राजधानी हलत राहिली. शेवटी दौलताबादेजवळच्या खडकी गावी नवे शहर वसवायचे त्याने ठरवले. हे साल होते १६१०.

खडकी या नावातच त्या जागेची अडचण दिसते. जमीन खडकाळ होती. जवळून वाहणारी खाम नदी लहान होती. पावसाळा सरला की तिचे पाणी आटे. अशा जागी हजारो माणसे, घोडे आणि उंट यांना पाणी कुठून द्यायचे?

मलिक अंबरने डोंगराकडे पाहिले. शहराच्या उत्तरेकडील डोंगराच्या बाजूला जमिनीखाली पाणी झिरपत होते. तिथून शहरापर्यंत त्याने जमिनीखालून दगड-चुन्याचे पाट बांधले. पाटाला बेताचा उतार दिला, म्हणजे पाणी आपोआप शहराकडे वाहत येई. मोट नको, बैल नको. ठिकठिकाणी वरून आत उतरता येईल अशी तोंडे ठेवली. साचलेला गाळ त्यांतून काढता येई. शहरात आल्यावर हे पाणी खापराच्या नळांतून हौदांत पडे. हीच नहर-ए-अंबरी. नहर हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचाच आहे. जमिनीखालून जात असल्यामुळे तिचे पाणी उन्हाने उडून जात नसे. मराठवाड्याचे ऊन ज्याने पाहिले आहे, त्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

शहरात त्याने नौखंडा महाल बांधला, मशिदी बांधल्या. मालोजी, विठोजी अशा मराठा सरदारांच्या नावांवरून पुरे वसले. मालपुरा आणि विठापुरा ही त्यांतली नावे.

पाण्याची सोय झाली, पण शहरात धान्य पिकत नाही. ते खेड्यांतूनच यावे लागते. शिपायांचा पगार आणि महालाचा चुनादेखील शेवटी शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच येतो. त्या काळी सारा वसूल करण्याचे काम मक्त्याने दिले जाई. जो जास्त रक्कम कबूल करील, त्याला गावे मिळत. मग तो मक्तेदार रयतेला पिळून आपले पैसे वसूल करी. पुढच्या साली गाव ओस पडले, तरी त्याला त्याचे काय?

मलिक अंबरने ही मक्त्याची पद्धत बंद केली. मला तर त्याच्या सर्व लढायांपेक्षा हे काम मोठे वाटते. त्याने जमिनीची प्रत ठरवली. चांगल्या जमिनीला जास्त सारा आणि हलक्या जमिनीला कमी सारा, असा नियम केला. प्रत्यक्ष आलेले पीक पाहून त्यातला वाटा घेतला जाऊ लागला. आधी हा वाटा धान्याच्या रूपात सुमारे दोन पंचमांश होता. काही वर्षांचा अंदाज आल्यावर तो रोख घेण्यास सुरुवात झाली आणि तो सुमारे एक तृतीयांशावर आला असे सांगतात. त्याने पाटील आणि कुलकर्णी यांचे हक्क पुन्हा चालू केले. शेतकऱ्याची जमिनीवरील मालकी मान्य केली आणि काही जमीन सर्व गावाची म्हणून ठेवली. या पद्धतीचा उपयोग पुढे मराठ्यांच्या राज्यातही झाला, असे इतिहासकार मानतात.

महसूल, रयत, जमीन, मौजा, कसबा हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. मराठीत मौजे म्हणजे शेती करणारे खेडे आणि कसबा म्हणजे बाजारपेठेचे मोठे गाव. त्या काळच्या दप्तरांत दोन्हींची नोंद निरनिराळी असे.

मोगलांशी मात्र लढाई थांबली नव्हती. मोगलांची फौज मोठी होती. मलिक अंबरने मराठा स्वारांना बरोबर घेऊन गनिमी काव्याने तिला हैराण केले. शत्रूची रसद तोडायची आणि समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, अशी त्याची रीत होती. बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडला होता, की अंबरच्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

त्याचे शहर मात्र हाती लागले. १६१६ साली रोशनगावजवळ मलिक अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. १६२१ साली ती पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा शहर परत उभे राहिले.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि विजापूरची आदिलशाही, तर दुसऱ्या बाजूला मलिक अंबर. शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. तलावाचा बांध फोडून अंबरने शत्रूच्या वाटेत पाणी आणि चिखल केला. त्याचा मोठा विजय झाला. त्यानंतर तो विजापूरवर चालून गेला आणि जवळचे नौरसपूर त्याने लुटून उद्ध्वस्त केले. नौरसपूर हे इब्राहीम आदिलशहाने हौसेने वसवलेले नवे शहर होते. ज्याचे स्वतःचे शहर दोनदा उजाड झाले, त्यानेच दुसऱ्याचे शहर उजाड करावे, हे वाचून वाईट वाटते. पण मलिक अंबरच्या चरित्रातून ही गोष्ट वगळता येत नाही.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर मरण पावला. त्या वेळी तो सुमारे ऐंशी वर्षांचा होता. त्याची कबर खुलताबादला आहे. चारच वर्षांनी, १६३० साली, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. दुष्काळ आणि लढाया यांमुळे अनेक गावे ओस पडली. त्याने नीट बसवलेली घडी मोडली. १६३६ साली निजामशाहीही संपली.

नहर-ए-अंबरी मात्र टिकली. तिच्या धर्तीवर पुढे शहरासाठी आणखी नहरी बांधल्या गेल्या. शहर वाढले, तशी नहरीची तोंडे घरांखाली आणि रस्त्यांखाली गेली. पुढे पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले आणि शहरासाठी सुमारे पन्नास किलोमीटरवरून पाणी पंपाने उपसून आणावे लागले. तरीही विसाव्या शतकात शहराच्या काही भागांत नहरीचे पाणी, पंपाशिवाय, येत होते.