गजाननबुवा जोशी

पंडित गजानन अनंत जोशी ऊर्फ गजाननबुवा जोशी (३० जानेवारी १९११ – २८ जून १९८७) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील गायक, व्हायोलिनवादक आणि गुरू होते. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर-अत्रौली या तिन्ही घराण्यांची तालीम त्यांना मिळाली होती.

जन्म व शिक्षण

गजाननबुवांचा जन्म मुंबईतील गिरगावात झाला. आजोबा मनोहरबुवा आणि वडील अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा हे दोघेही गायक होते. अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य व औंध संस्थानाचे गायक. ग्वाल्हेर गायकीचे पहिले शिक्षण गजाननबुवांना त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ आणि अल्लादिया खाँ यांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे विद्या घेतली. विनायकराव घांग्रेकरांकडे ते तबलाही शिकले.

व्हायोलिनवादन

व्हायोलिन, चेलो ही गजाने वाजणारी युरोपीय वाद्ये. दक्षिणेत व्हायोलिन एकोणिसाव्या शतकातच कर्नाटक संगीतात रुळले होते. उत्तरेकडील मैफलीत मात्र गजाने वाजणाऱ्या वाद्यांत सारंगीचे स्थान मोठे होते आणि व्हायोलिनला स्वतःची वादनपरंपरा नव्हती. गजाननबुवांनी हे वाद्य मुख्यतः स्वप्रयत्नाने आत्मसात केले. गजामुळे स्वर अखंड लांबवता येतो व मींड घेता येते. त्यामुळे ख्यालाची मांडणी त्यांना या वाद्यावर उतरवता आली. त्यांचे वादन गायकी अंगाचे होते. तबल्याच्या अभ्यासामुळे त्यांची लयीवरील पकड पक्की होती. हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला एकल वाद्य म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील वादकांत त्यांची गणना होते.

गायकी

एका घराण्याच्या शिष्याने दुसऱ्या घराण्याची गायकी घेणे त्या काळी सहज मान्य होत नसे. बुवांनी मात्र प्रत्येक घराण्याची विद्या त्या त्या गुरूकडून रीतसर मिळवली. ग्वाल्हेरचा मोकळा आवाज व बंदिशीची मांडणी, आग्र्याची बोल-लयकारी आणि जयपूरचे अनवट राग हे सारे त्यांच्या गायनात एकत्र आले.

अध्यापन व वारसा

गजाननबुवांनी आकाशवाणीवरही काम केले. शिस्तप्रिय गुरू म्हणून ते ओळखले जात. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर व वीणा सहस्रबुद्धे हे त्यांचे प्रमुख शिष्य, तर पुत्र मधुकर जोशी यांनी व्हायोलिनवादनाची परंपरा चालवली. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव बुवांनी पुढे चालू ठेवला.

पुरस्कार

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९७२).